डावखुऱ्याची रायफल

उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पॉवर प्रेसखाली ठेवून आलो. तेव्हा मिसरूड फुटलं होतं नुकतं. त्यानंतर जे जे येत होतं ते सगळं डाव्या हातानं नव्यानं शिकलो. मायक्रोमीटर धरणं, सही करणं, आणि पुष्कळ वर्षांनी, इथे नेदरलँड्समध्ये आल्यावर, नेम धरणं.

बंदूक डाव्या खांद्याला लावणाऱ्याची अडचण दुकानात गेल्याशिवाय कळत नाही. बहुतेक शिकारी रायफलींचा बोल्ट उजव्या अंगाला असतो. दर गोळीनंतर डावा हात ट्रिगरवरून काढायचा, रायफलीच्या वरून पलीकडे न्यायचा, बोल्ट मागे ओढायचा, पुढे सारायचा. तोवर हरीण पुढच्या गावात पोचतं. डावखुऱ्यांसाठी वेगळ्या रायफली बनतात, पण त्या मागवाव्या लागतात, आणि मागवताना दुकानदार असा चेहरा करतो की आपण उपकार मागायला आलोय. मी उपकार मागत नाही. भाव करतो.

म्हणून मला लिव्हरची रायफल हवी होती. तिच्या ट्रिगरभोवती लोखंडी कडी असते. कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर घेतली की नवं आत बसतं. कडी मधोमध असते, त्यामुळे हात डावा की उजवा याच्याशी तिला देणंघेणं नाही. शिवाय मला एकाच रायफलीत दोन कामं हवी होती. रविवारी क्लबच्या रेंजवर कागदाला भोकं पाडायची, आणि हंगामात एका शेतकऱ्याच्या रानात हरणावर टपून बसायचं. या शेतकऱ्याच्या यंत्रांचे सुटे भाग मी माझ्या वर्कशॉपात बनवून देतो. शिकारीची परीक्षा मी पास झालो तेव्हा त्यानं आपण होऊन शब्द दिला होता की माझ्या जमिनीवर ये. इथे शिकारीचा परवाना असला की त्यावरच रायफल घरी ठेवता येते आणि रेंजवर सरावालाही नेता येते. राहिला होता तो फक्त परवाना आणि रायफल.

मी राहतो आइंडहोवनच्या शेजारच्या बेस्ट गावात. दुकान तिथून तासाभरावर होतं. दुकानदार म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा. तो माझ्याशी इंग्रजीत बोलायचा आणि मी हट्टानं त्याच्याशी मोडक्या डचमध्ये. दोघंही मागे हटत नव्हतो. त्यानं काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि दोन रायफली शेजारीशेजारी ठेवल्या.

पहिली नवी, चकचकीत, स्टेनलेसची. पिस्तुलाचंच काडतूस खाणारी, थ्री-फिफ्टी-सेव्हन. खांद्याला धक्का जवळजवळ नाही, काडतुसं स्वस्त, वर दुर्बीण बसवायला जागा. रेंजवर दिवसभर चालवा. पण हरणासाठी कायद्यानं गोळीत जेवढा जोर लागतो तेवढा शंभर मीटरवर हिच्यात उरेल याची खात्री दुकानदारानंच दिली नाही. दुसरी जुनी, कुणीतरी वापरलेली, थर्टी-थर्टी. निळसर काळं पोलाद, अक्रोडाचा दस्ता, दस्त्यावर गालाच्या घामानं पडलेला डाग. हिचं रिकामं काडतूस थेट वरून उडतं, म्हणून दुर्बीण धड बसत नाही, नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीवरच नुसत्या डोळ्यानं नेम धरावा लागतो. पण डावखुऱ्याला तेच बरं, नाहीतर गरम पितळ नाकासमोरून जातं. हरणाला जोर भरपूर. रानडुकराला मात्र कायद्याच्या हिशेबानं कमी.

"रानडुक्कर मारायचं नाही का तुम्हाला, मेनेर?" त्यानं विचारलं. मेनेर म्हणजे इथलं 'साहेब'.

"नाही," मी म्हणालो.

मी जुनी उचलली. कडी उघडून तिला आडवं हलवून पाहिलं, किती खेळतेय ते. नळीत प्रकाश टाकून पाहिला. मग खिशातून भिंग काढलं आणि बाजूच्या स्क्रूची डोकी तपासली.

"हे बघा. कुणीतरी चुकीच्या पेचकसानं उघडलंय. खाच खरवडलीय."

"मागच्या मालकानं उघडली असेल कधीतरी."

"मग खरवडीचे कमी करा."

"मेनेर, आमच्याकडे किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असते."

"चिठ्ठी तुम्हीच लिहिलीत ना? मग पेनही तुमच्याकडेच असणार."

तो मिशीत हसला आणि म्हणाला, "कॉफी घेणार?" माझा अनुभव असा की जो माणूस कॉफी विचारतो तो किंमत कमी करत नाही. तरी मी घेतली. सोबत एकच बिस्किट, आणि लगेच डब्याचं झाकण बंद.

मी तीन वेळा गेलो त्या दुकानात. मागच्या छोट्या रेंजवर तो शेजारी उभा राहायचा आणि मी दोन्ही रायफली चालवून पाहायचो. थर्टी-थर्टीची काडतुसं भरताना त्यानं एक गोष्ट दाखवली. यांच्या गोळ्यांची तोंडं चपटी असतात. नळीखालच्या दुसऱ्या नळीत काडतुसं एकामागे एक पडून असतात, एकाचं तोंड दुसऱ्याच्या बुडाला लागून. गोळी टोकदार असली तर धक्क्यानं ती पुढच्याच्या टिकलीला टोचू शकते. मग सगळी माळच हातात फुटते. "म्हणून घाईत दुसऱ्या कुठल्या गोळ्या भरू नका," तो म्हणाला. मी म्हणालो, मी घाई कधीच करत नाही.

शेवटी एका पैशानंही तो खाली आला नाही. पण चामड्याचा पट्टा त्यात घालायला मी त्याला भाग पाडलं, आणि परवाना येईपर्यंत बयाणा न घेता रायफल राखून ठेवायलाही. त्यानं तिच्या कडीला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला, त्यावर 'राखीव' असं डचमध्ये लिहिलं. गाडीत बसल्यावर मी मोठ्यानं हसलो. बयाणा न देता राखीव! उद्यमनगरात असा सौदा कुणी केला नसता.

आता बंदूक कशासाठी, हे सांगायला हवं. मराठी मंडळात लोक विचारतात. पुण्या-मुंबईची इंजिनियर मंडळी, फेल्डहोवनला मोठ्या कंपनीत. त्यांच्या प्रश्नात एक बारीक हसू असतं. काय हो, शिकार वगैरे? ग्रीलवर ठेवायला?

माझं गाव आजऱ्याच्या पलीकडे, घाटाच्या तोंडाशी. शिकारबंदी होती, पण हंगामात रान उठायचंच. पिकं राखायला म्हणून परवान्याच्या दोन बंदुका गावात होत्या, त्या ज्यांच्या त्यांच्या घरच्या. बाकीचे हाकेवाले. डबे बडवत, आरडत झाडीतून डुकराला बंदुकीच्या तोंडाकडे न्यायचं. माझा बाप हाकेवाला. मरेपर्यंत हाकेवाला. डुक्कर पडलं की वाटे व्हायचे आणि त्यांचा नियम होता. ज्याची गोळी त्याला मुंडकं आणि पायाचा एक फरा. बंदूक ज्याच्या घरची त्याला बंदुकीचा वेगळा वाटा. कुत्र्याचाही वाटा असे. मग उरलेलं हाकेवाल्यांत. म्हणजे लोखंडाला वाटा आधी आणि माणसाला नंतर.

एका वर्षी झाडीत हललं म्हणून बंदूकवाल्यानं बार टाकला आणि छर्रे माझ्या बापाच्या तोंडावर आले. डावा डोळा गेला. चादरीच्या झोळीतून आणताना वाटेतच त्याला सांगण्यात आलं की डॉक्टरला काय सांगायचं ते. काटेरी कुंपणात पडलो. नाहीतर बंदुकीचा परवाना जाईल. बापानं तसंच सांगितलं. संध्याकाळी आमच्या घरी दोन वाटे आले. आईनं रस्सा केला. पानावर बसल्यावर मी विचारलं, "आबा, दुसरा वाटा कुणाचा?"

"बंदुकीचा," तो म्हणाला. "आज आपल्याला दिला. जेव गप."

त्या मटणाची चव अजून तोंडात आहे. ती जाण्यासाठी काय करावं लागेल हे मी फार लवकर ठरवलं होतं. घरात एक बंदूक हवी, चोरीची नाही, उसनी नाही, कायदेशीर, माझ्या नावावर. हे मी मंडळात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गप्प झाले असते, आणि मला त्यांचं गप्प होणंही नको होतं.

परवान्यासाठी अर्ज केला. संगणकावर प्रश्नांची एक लांबलचक चाचणी देऊन आलो. आपल्याला राग येतो का, कधी येतो, राग आला की काय करता. मी धंद्यातला माणूस, समोरच्याला काय ऐकायचंय ते मला कळतं. तीही पास झालो. पोलादी तिजोरी आणून जिन्याखालच्या कपाटात बसवली, चार बोल्ट जमिनीत रसायन भरून घट्ट केले. हे काम मी स्वतः केलं. ती तिजोरी आता घर पडलं तरी हलणार नाही.

त्याच सुमारास शेजाऱ्याचं प्रकरण झालं होतं. त्यानं नवं कुंपण घातलं आणि ते वीतभर माझ्या हद्दीत आलं. मी सभ्यपणे सांगितलं. तो म्हणाला, बघू. पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, सुट्टीनंतर. तेव्हा मी हातोडा घेतला आणि त्या वीतभरावरच्या तीन फळ्या पाडल्या. तो त्याच्या बाजूला उभा होता, थोडा मागे सरकला, पण त्याला लागलं काहीच नाही. त्यानं तक्रार केली. गेमेन्टेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस येऊन मोजून गेला आणि कुंपण माझ्याच हद्दीत निघालं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे हातोड्याचंच सगळे बोलले, वीतभराचं कुणी बोललं नाही.

मग एक दिवस घर पाहायला पोलिसांकडून बाई आली. मूळ सुरिनामची, हिंदुस्थानी. पणजोबा बिहारकडून बोटीनं गेलेले, आजी हेगला. हे तिनं दारातच सांगितलं, आमच्या नावाची पाटी वाचून. बायकोशी लगेच हिंदीत बोलायला लागली. तिच्या हिंदीची चाल थोडी वेगळी, पण सगळं कळत होतं. मी मनात म्हटलं, झालं काम. आपलंच माणूस.

तिनं तिजोरी हलवून पाहिली. हलली नाही. किल्ली कुठे ठेवणार विचारलं, मी गळ्यातली साखळी दाखवली. मग डचमध्ये विचारलं की शेजाऱ्याबरोबर काही झालं होतं का. मी काही बोलायच्या आत बायकोनं माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "अहो, कुंपणाचं सगळं सांगायचं का?"

"अगं, मार गोळी त्याला," मी म्हणालो. "तिजोरीचं बघू दे त्यांना."

तोंडातून शब्द गेले आणि मला ते ऐकू आले. बाईनं मान वर केली. मी हसून डचमध्ये समजावलं की आमच्यात असं म्हणतात, म्हणजे सोडून दे, विषय संपव. ती हो हो म्हणाली. मग मी बोल्टचं आणि रसायनाचं वेष्टण दाखवायला बाहेर शेडमध्ये गेलो, ते खोक्याखाली सापडायला वेळ लागला. परत आलो तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या. बाईच्या हातात पाण्याचा पेला होता, स्टीलचा. आमच्याकडे पेले स्टीलचेच. मला स्टीलचंच पाणी गोड लागतं. लग्नातला काचेचा सेट होता, पण काच इथल्या फरशीवर टिकत नाही.

काही आठवड्यांनी नकार आला. परवाना दिला तर गैरवापर होणारच नाही अशी पुरेशी खात्री वाटत नाही, एवढंच. कारण म्हणून उघड काही नाही. पण कारण मला ठाऊक होतं. 'मार गोळी.' अर्धवट भाषा येणाऱ्या माणसानं अर्धवट ऐकलं आणि माझा घास काढून घेतला.

मी तो किस्सा करून सांगायला लागलो. खरं तर तो किस्साच आहे, सांगितला की कुणीही हसतं. मंडळाच्या गणपतीत सांगितला, दिवाळीच्या फराळाला सांगितला. पोलिस बाई, जिन्याखालची तिजोरी, आणि मी म्हणतोय मार गोळी त्याला. लोक पोट धरून हसायचे. एकजण म्हणाला, "अहो, तुम्ही 'खड्ड्यात गेला' म्हणाला असतात तर ती बागेत खणत बसली असती!" तेव्हापासून मला त्या लोकांत थोडी जागा झाली, हेही खरं. बायको तेव्हा चकल्यांचं ताट फिरवत होती. ती हसली की नाही ते मी पाहिलं नाही.

हरकत घ्यायची मुभा होती, मी घेतली. सुनावणीची तारीख आली. माझी तयारी चोख होती. मराठीत आणि हिंदीत या शब्दांचा काय अर्थ होतो याचे दाखले, मंडळातल्या दोन पीएचडी माणसांची पत्रं. फक्त एक साक्षीदार हवा होता. त्या वेळी खोलीत असलेला, दोन्ही भाषा येणारा.

रविवारी सकाळी मी बायकोला म्हणालो, "तू यायचंस. दोन वाक्यं सांगायची. हे रोजचं बोलणं आहे, आमच्याकडे पोराटोरांच्या तोंडी आहे."

ती गवारीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "मी येत नाही."

"का?"

"तिला कळलं होतं ते."

"काय?"

"मार गोळी. तिला कळलं होतं. तुम्ही शेडकडे गेलात आणि ती हसली. म्हणाली, माझी आजी दिवसातून दहादा म्हणते, गोली मारो. आजी देवाला पण म्हणते."

मी खुर्ची ओढून बसलो. ती शेंगा मोडतच होती.

"मग?"

"मग तिनं पाणी मागितलं. मी दिलं. पेला बघून म्हणाली, आमच्या आजीकडेही स्टीलचेच. मी म्हटलं, आमच्याकडे काचेचे होते."

"बरं. पुढे?"

"पुढे काही नाही. तिनं पेला खाली ठेवला आणि विचारलं, कुठे गेले? मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"जे आहे ते. अहो, मी चहाड्या नाही केल्या. तिनं विचारलं, ह्या घरात रायफल आली तर तुम्हाला झोप येईल का. मी म्हटलं, नाही येणार."

"आणि हे तू मला आज सांगतेयस. गणपतीत, दिवाळीत मी लोकांसमोर..."

"तुम्ही इतकं छान सांगत होता."

मला वाटतं तिला टोमणा मारायचा नव्हता. तिचा आवाज तसा नव्हता. पण मला तो तसा लागला.

मी शांतपणे बोलायला लागलो. हे मी शपथेवर सांगेन. आयुष्यभर मी मोठ्या कंपन्यांच्या खरेदीवाल्यांशी बोललोय, त्यांना टेबलावर कसं टिकवायचं मला येतं. मी तिला म्हणालो की किल्ली तुझ्याकडे ठेव. तिनं पुढची शेंग घेतली. म्हणालो, बरं, काडतुसं घरात नकोत, दुकानात राहतील. मग म्हणालो, रायफल क्लबातच ठेवता येते का बघतो, घरी आणतच नाही, फक्त नावावर. नावावर असू दे. तुला माहीत आहे का हवीय ते. तुला एकटीलाच माहीत आहे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "आबांच्या डोळ्यासाठी मी पण रडलेय. पण तुम्ही भाव करताय. माझ्याकडे कमी करायला काही नाही."

"म्हणजे मी तुला मारेन असं वाटतं तुला? कधी हात उचललाय मी तुझ्यावर?"

"नाही."

"मग?"

"रागावलात की तुमच्या हातात जे असतं ते जातं. नंतर तुम्हीच वाकून वेचता. फरशी पुसता, माझ्या पायात काच जाऊ नये म्हणून चपला आणून देता. आजपर्यंत हातात पेला असायचा, रिमोट असायचा, त्या दिवशी हातोडा होता. शेजाऱ्याच्या तोंडापासून किती लांबून गेला ते मी वरच्या खिडकीतून बघितलंय."

"कुंपण माझ्या हद्दीत होतं!"

"होतं," ती म्हणाली. "तुम्ही बरोबरच असता नेहमी."

माझ्या हातातला पेला मी टेबलावर ठेवला. जोरात ठेवला गेला असेल. पाणी शेंगांवर उडालं, पेला घरंगळत जाऊन फ्रिजखाली गेला, आणि तो फिरायचा थांबेपर्यंत आवाज येत राहिला. ती पेल्याकडे पाहत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. मग उठून तिनं ओल्या शेंगा चाळणीत घातल्या आणि पुन्हा मोडायला लागली.

सुनावणीला मी एकटा गेलो. लहानशी खोली, पाण्याचा जग, समोर तिघं. माझी पत्रं त्यांनी वाचली, एकानं तर 'मार गोळी' म्हणून पाहिलं, उच्चार वाईट नव्हता. मग मधल्या बाईनं विचारलं, "तुमच्या पत्नी आल्या नाहीत?"

दाराशी गाडी लावतानाच मला ठाऊक होतं की हा प्रश्न येणार. उत्तर तयार होतं. तिला कामावरून सुटी नाही, पण तिची काहीच हरकत नाही, तिला आता सगळं समजलंय. एवढं वाक्य म्हणायचं होतं. ते खोटं आहे हे त्या खोलीत कुणालाही कळलं नसतं. संगणकाला मी असली कितीतरी उत्तरं दिली होती.

"नाही आली," मी म्हणालो.

"त्यांचं काय म्हणणं आहे?"

मला आबा आठवला. डॉक्टरसमोर, तोंडाला फडकं बांधलेला. काटेरी कुंपणात पडलो, साहेब.

"तिला झोप येणार नाही," मी म्हणालो.

बाईनं मान हलवली आणि आल्याबद्दल आभार मानले. निकाल काय लागणार ते मला तिथेच कळलं आणि तसाच लागला.

दुकानात फोनवरून सांगता आलं असतं. पण माझ्यासाठी बयाणा न घेता कुणी वस्तू राखून ठेवली असेल तर मी तोंडानं नाही म्हणायला समोर जातो. म्हाताऱ्यानं मला पाहिलं आणि न विचारता थर्टी-थर्टी काढून हिरव्या कापडावर ठेवली. पुठ्ठ्याचा तुकडा तसाच लटकत होता.

"आला परवाना?"

खरं सांगणं एकदा झालं होतं. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं होईना.

"मी विचार बदलला," मी म्हणालो. "कडी ढिली आहे हिची."

त्यानं रायफल उचलली, कडी उघडली, मिटली. खटक्, खटक्. त्या आवाजात कसलीही ढिलाई नव्हती हे मला कळत होतं आणि त्यालाही. मी चाळीस वर्षं लोखंडात काढली आहेत. चांगल्या कामाला मी कधी वाईट म्हटलेलं नाही, भाव करतानाही नाही. खरवडलेल्या स्क्रूला खरवडलेला म्हटलं, तेवढंच.

त्यानं रायफल कापडावर ठेवली. मग काउंटरखालून पेन काढलं, चिठ्ठीवरची किंमत खोडली आणि तिच्या खाली नवी लिहिली. चिठ्ठी माझ्याकडे फिरवली. एवढं खाली मी स्वतःही मागितलं नसतं.

"आता, मेनेर?"

मी म्हणालो, "नाही." आणि कॉफी न घेता निघालो.

तिजोरी जिन्याखालीच आहे. ते बोल्ट निघत नाहीत, फरशी फोडावी लागेल. मधे एकदा मी शेडमधून आलो तर बायको तिजोरीत काहीतरी ठेवून दार लावत होती. मला पाहून थांबली नाही, दोनदा किल्ली फिरवली आणि साखळी गळ्यात घातली. माझ्या गळ्यातून ती कधी निघाली होती ते मला आठवत नाही. आत काय आहे मी विचारलेलं नाही. घर पाहायला आलेल्या त्या बाईला मी माफ केलं, तिचं ते कामच होतं. घरच्या माणसाचं मला अजून जमलेलं नाही.

पाणी आम्ही स्टीलच्या पेल्यातूनच पितो.